गोदावरी भोजनालयाचे छत

गोदावरी भोजनालयाची वेबसाइट जसजसे जास्त लोक पाहू लागले, तसतसे गोदावरी भोजनालयात जेवणारे कमी होत गेले. भाद्रपदात वेबसाइट पाहणाऱ्यांची संख्या सर्वाधिक होती आणि पंगतीत बसणाऱ्यांची सर्वांत कमी.

भोजनालय लातूरला, शिकवण्यांच्या भागात होते. या भागात सकाळी सायकलींना आणि संध्याकाळी पालकांच्या गाड्यांना रस्ता पुरत नाही, आणि भिंतीवर मोकळी जागा दिसली की गेल्या वर्षी डॉक्टरकीला लागलेल्यांचे फोटो तिथे चिकटतात. भोजनालय चालवत गोदावरीबाई. त्यांचे यजमान रेणुकादास सर कनिष्ठ महाविद्यालयातून भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. भोजनालयातील त्यांचे काम म्हणजे हात धुण्याच्या जागेपाशी खुर्ची टाकून बसणे आणि विद्यार्थ्यांच्या शंका, विद्यार्थ्यांना त्या आलेल्या नसल्या तरी, सोडवणे. याशिवाय दुपारची पंगत उठल्यावर बरण्यांची झाकणे नीट लागली आहेत की नाहीत हे ते पाहत. रक्तदाबामुळे डॉक्टरांनी त्यांचे लोणचे बंद केले होते, हा मुद्दा पुढे येणार आहे.

पंगत कमी होण्याचे दुःख केवळ व्यवहाराचे नव्हते. पुण्यात राहणारा त्यांचा मुलगा मुकुल दोन वर्षांपासून म्हणत होता, की आता हे उष्टीखरकटी पुरे, सातव्या मजल्यावर येऊन राहा. सातव्या मजल्यावरून खाली काय दिसते, हे गोदावरीबाई एकदा पाहून आल्या होत्या. इतर मजले दिसत होते. "मेस चालते तोवर मी लातूर सोडणार नाही," असे त्या मुकुलला सांगत आल्या होत्या, आणि आता मेस चालत नव्हती. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुले परतली नाहीत, तर कुलूप लावून पुण्याला जायचे, असे फोनवर ठरून गेले होते.

आणि वेबसाइट ही रेणुकादास सरांची कल्पना होती.

अधिक अचूक बोलायचे तर ती शेजारच्या शेषेरावांची कल्पना होती. सरांनी ती तपासून स्वीकारली होती. शेषेराव वीज कार्यालयातून निवृत्त झाले होते आणि लोकांचे प्रवाह कुठे वाहतात याचे ज्ञान आपल्याला आपोआप होते, असे मानत. जून महिन्यात ते कट्ट्यावर म्हणाले, "सर, बोर्ड कोण वाचतंय आता? हदगावचा माणूस पोराला लातूरला टाकायच्या आधी मोबाइलमधी बघून राहिला. क्लास मोबाइलमधी, रूम मोबाइलमधी. मेस न्हाई मोबाइलमधी, तर मेस हायच न्हाई."

"म्हणजे अस्तित्व हे निरीक्षणावर अवलंबून आहे," सर म्हणाले.

"हाव. तेच म्हणून राहिलो मी."

सरांना हा विचार अनपेक्षितपणे आधुनिक वाटला. आठवडाभरात ते नांदेडला गेले.

नांदेडला खाजामियाँ हे पाट्या रंगवणारे जुने कारागीर होते आणि त्यांच्या दुकानावरच्या खोलीत त्यांची मुलगी नाझनीन दुकानांच्या वेबसाइट बनवत असे. नाझनीन एकेकाळी सरांकडे भौतिकशास्त्र शिकली होती, म्हणजे निदान तेवढ्यापुरती पात्रता निर्विवाद होती. तिने सरांना पहिल्याच बैठकीत एक गोष्ट सांगितली, आणि पुढील सर्व गोंधळाच्या दृष्टीने ती नोंदवून ठेवणे आवश्यक आहे.

"सर, तुमचे गिऱ्हाईक म्हणजे पालक. ते सगळे मोबाइलवर बघणार. म्हणून मी आधी मोबाइलसाठी मांडणी करते, मग कॉम्प्युटरसाठी. मोबाइल उभा असतो, कॉम्प्युटर आडवा. दोन्हीकडं सारखं दिसत नाही."

"लहान दिसेल," सर म्हणाले.

"लहान नाही सर. वेगळं."

रेणुकादास सर हसले. चाळीस वर्षे भिंगे, आरसे आणि प्रतिमा शिकवलेल्या माणसाचे ते हसू होते. प्रतिमा लहान होते, मोठी होते, उलटी होते. वस्तू तीच राहते. सरांच्या घरी दर्शनी खोलीत, गोदावरीबाईंनी विणलेल्या झाकणाखाली, मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर होता. त्यावर जे दिसते तेच मोबाइलवर लहान दिसणार, यात त्यांना शंकेला जागा दिसली नाही. त्यांचा स्वतःचा मोबाइल बटणांचा होता, कारण फोन हे बोलण्याचे उपकरण आहे, अशी त्यांची धारणा होती. गोदावरीबाईंकडे पडद्याचा फोन होता, पण त्यावर त्या नातवाला पाहत आणि भजने ऐकत. "माझ्या मेसचं तोंड बघायला मला मोबाइल कशाला? ती माझ्यासमोर आहे," असे त्या म्हणाल्या आणि वेबसाइट त्यांनी कधी उघडली नाही.

खाजामियाँ जिन्यात उभे राहून ऐकत होते. त्यांना ही सगळी मांडणी फिकी वाटली. "सर, बोर्ड कैसा होना? आदमी दूर से देख के भूका हो जाना! चारों तरफ गुलाब डालो, बीच में गरम भाकरी, उपर से धुवाँ."

"अब्बा, मोबाइलवर धूर मावत नाही," नाझनीन म्हणाली.

"तो फिर मोबाइल छोटा है, मेरा धुवाँ नहीं," खाजामियाँ म्हणाले आणि खाली गेले.

वेबसाइट झाली. आठवड्याचे जेवण, पाण्याची सोय, वेळा, गोदावरीबाईंचा ओट्यापाशी उभा फोटो. फोन येऊ लागले. येथपर्यंत प्रयोग अपेक्षेनुसार चालला होता.

मग आषाढात हिंगोली-नांदेडच्या बाजूला जमीन हलली. फार नाही, मांडणीवरची भांडी वाजली आणि लोक अंगणात आले. पण जे पालक आता मुलांना लातूरला पाठवत होते, ते किल्लारीच्या भूकंपावेळी स्वतः शाळकरी मुले होते. त्यानंतरचे कित्येक महिने त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये काढले होते. अशा माणसाला लातूरमधल्या घराबद्दल पहिला प्रश्न भाड्याचा पडत नाही. तो मान वर करतो.

"सर, जेवायच्या हॉलवर काय हाय? स्लॅब का पत्रा?"

"पत्रा. लोखंडी अँगलवर. हलका आणि पक्का."

"बघितल्याबिगर कसं समजावं?"

दिवसभर असेच फोन. सरांनी पत्र्याचा फोटो वेबसाइटवर टाकायला लावला. फोन थांबले नाहीत. धर्माबादचे एक गृहस्थ म्हणाले, "फोटो कुणाच्याबी पत्र्याचा टाकता येतो सर. तुमच्यावर इस्वास हाय, पत्र्यावर न्हाई."

आक्षेप तर्काला धरून होता. म्हणून सर अधिकृत दाखला मिळवायला निघाले. कोणत्या कार्यालयात, हे सांगून उपयोग नाही, कारण ते स्वतः तीन कार्यालयांतून शेवटी तिथे पोचले होते. तिथल्या लिपिकाने त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले.

"स्लॅबचा नमुना हाय आपल्याकडं. पत्र्याचा न्हाई."

"मग पत्र्याचे छत सुरक्षित आहे, हे कोण लिहून देईल?"

"पडलं का ते?"

"नाही."

"मग कशाचं लिहून द्यायचं? पडलं की या. पंचनामा करून देतो, त्याला काय."

सर बाहेर आले आणि बराच वेळ पायरीवर उभे राहिले. त्या उत्तरात चूक कुठे आहे हे त्यांना सापडेना. जे घडले नाही त्याचा पुरावा मागणे अयोग्य आहे, असे ते स्वतः वर्गात वर्षानुवर्षे सांगत आले होते.

तेव्हा त्यांना उपाय सुचला, आणि तो इतका निर्दोष होता की त्यांनी तो त्याच दुपारी नाझनीनला फोनवर सांगितला. छताचा फोटो नको, दाखलाही नको. छतच दाखवायचे. कॅमेरा बसवायचा आणि जेवणाचा हॉल वेबसाइटवर चोवीस तास चालू ठेवायचा, म्हणजे ज्याला शंका असेल त्याने वेबसाइट उघडून छत जागेवर आहे याची स्वतः खात्री करून घ्यावी.

नाझनीन रविवारी लातूरला आली. सोबत खाजामियाँही आले, कारण शिडीवर चढणे हे त्यांचे क्षेत्र होते. महिन्यातला तो रविवार मुलांच्या मोठ्या परीक्षेचा असल्याने हॉल रिकामा होता. खाजामियाँनी एका टोकाच्या भिंतीवर, पत्र्याला लागून, कॅमेरा ठोकला. मोबाइल उभा असतो म्हणून तोही उभाच. क्लासच्या वर्गावर्गांत कॅमेरे असल्याने मुलांना पुढे त्याचे काही वाटले नाही. नाझनीनने आपल्या मोबाइलवर चित्र पाहिले. वर पत्रा, पत्र्याला पंखा, खाली टेबले, बाक, हात धुण्याची जागा आणि मांडणीवरच्या बरण्या.

"सर, बघा एकदा मोबाइलवर."

"मी पाहिले," सर आतल्या खोलीतून म्हणाले. ते कॉम्प्युटरसमोर बसले होते. पडद्याच्या माथ्यावर एक आडवी रुंद पट्टी होती. तीत पन्हाळी पत्रा, दोन अँगल आणि मधोमध जरा थरथरत फिरणारा पंखा. पंखा फिरतो आहे, त्या अर्थी चित्र चालू आहे, असे अनुमान काढून सरांनी समाधानाने झाकण घातले.

स्लॅब की पत्रा, हे विचारणारे फोन बंद झाले. उलट कौतुकाचे येऊ लागले. "सर, लई मोठी सोय केली तुमी." "सर, आता आमचा जीव जागेवर हाय." एक बाई तर गहिवरून म्हणाल्या, "रोज बघितल्याबिगर माझ्या गळ्याखाली घास उतरत न्हाई." छतामुळे एवढा दिलासा मिळावा, याचे सरांना आश्चर्य वाटले, पण भूकंप जगलेल्या माणसाच्या मनाची खोली मोजण्याचे साधन आपल्याकडे नाही, असे त्यांनी मान्य केले. नाझनीनने कळवले, की लोक वेबसाइट सर्वांत जास्त दुपारी आणि रात्री जेवणाच्या वेळी पाहतात. सरांनी त्याचाही अर्थ लावला. भूक लागली की माणसाला खानावळ आठवते.

आणि मुले जाऊ लागली.

पहिली गेली मनस्विनी. ती हदगावची, बोलकी, भाकरीचा पापुद्रा सोलून आधी खाणारी. ती रोज गोदावरीबाईंना क्लासमधल्या गमती सांगे. एका सकाळी ती पाने वाढायच्या आत उठली, "काकू, मी उद्यापासून न्हाई," म्हणाली आणि मागे न पाहता गेली. तिच्यामागून दोघी मैत्रिणी. मग मुलांचे एक पूर्ण टेबल. जी उरली ती गोदावरीबाई जवळ आल्या की गप्प होत आणि ताटाकडे पाहत जेवत.

"अहो, पोरं माझ्याशी बोलत नाहीत," गोदावरीबाई म्हणाल्या. "मी काही चुकले का?"

सरांनी पद्धतशीर तपास सुरू केला. एका वेळी एकच घटक बदलायचा, हा नियम. प्रथम वांगे बंद केले. पंगत कमी झाली. वांगे पुन्हा सुरू केले. पंगत आणखी कमी झाली. शेंगदाण्याच्या चटणीतले तिखट उतरवले. भाकऱ्यांची जाडी मोजली. पंख्याखालच्या टेबलाचे तापमान घेतले. गोदावरीबाईंनी हे सर्व सहन केले, पण सर पट्टी घेऊन भाकरीशी वाकलेले पाहून त्या एकदा चुलीशी जाऊन डोळे पुसून आल्या.

गेलेल्या मुलांनाही त्यांनी रस्त्यात गाठून विचारले. मनस्विनी म्हणाली, पोट बरे नव्हते. दुसऱ्याने सांगितले, क्लासची वेळ बदलली. तिसऱ्याने सांगितले, डॉक्टरांनी ज्वारी बंद केली. ही तिन्ही मुले त्याच दुपारी पलीकडच्या मेसमध्ये ज्वारीची भाकरी खाताना सरांना दिसली. त्या मेसला वेबसाइट नव्हती. तिला पाटीसुद्धा धड नव्हती, आणि वर स्लॅब होता.

मुले वेबसाइटमुळे जात असतील, असा प्रश्नच नव्हता, कारण या मुलांकडे वेबसाइट पाहण्याचे साधनच नव्हते. लातूरला शिकायला येणाऱ्या मुलाचा पडद्याचा मोबाइल आईवडील बसस्टँडवरच काढून घेतात आणि हातात बटणांचा देतात. पडद्याचा परत मिळतो तो बारावीच्या परीक्षेनंतर. हे सरांना ठाऊक होते आणि त्यांना ते पूर्ण मान्य होते.

शेषेरावांचे निदान मात्र तयार होते. "नजर लागली सर."

"कोणाची?"

"कोणाची म्हणजे? हदगाव, धर्माबाद, सगळा मुलूख रोज डोळे फाडून बघून राहिला तुमच्या मेसकडं. भिंतीला तडा जाईल अशानं. पोरं टिकतील व्हय?"

"शेषेराव, डोळ्यांतून कोणतेही किरण बाहेर पडत नाहीत. प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो. पाहण्याने पाहिल्या जाणाऱ्या वस्तूवर परिणाम होत नाही."

"बरं," शेषेराव म्हणाले. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरच्या पडद्याला लिंबू-मिरच्या लटकलेल्या होत्या. दोरा नेमका छताच्या पट्टीवर आला होता आणि पंखा मिरच्यांआड फिरत होता.

भाद्रपदाच्या अखेरीस दुपारच्या पंगतीला नेमाने येणारा एकटा बसवराज उरला. हा धर्माबादचा मुलगा, शांत, अकरावीचा. पण त्याची एक सवय सरांना पहिल्यापासून खटकत असे. जेवायला बसला की तो छताकडे पाहून हात जोडी. मग ताट दोन्ही हातांनी उचलून, भाजी सांडणार नाही इतपत तिरके करून छताला दाखवी. आणि मगच जेवी. कधी कधी जेवताना वर पाहून हसेही.

"बसवराज," सर एकदा म्हणाले होते, "तू विज्ञानाचा विद्यार्थी आहेस. वर पत्रा आहे. पत्र्याला पंखा आहे. तिथे कोणीही नाही."

बसवराजने क्षणभर सरांकडे पाहिले. मग सर विनोद करत असावेत असे समजून तो नम्रपणे हसला, "हाव सर" म्हणाला आणि ताट तिरके केले. सरांनी हा विषय तिथेच सोडला. कोणत्याही संशोधकाने न समजलेले निरीक्षण असे सोडून देऊ नये, हे त्यांनी हजारो विद्यार्थ्यांना सांगितले होते.

शेवटी वेबसाइट बंद करण्याचे ठरवून ते नांदेडला गेले. नाझनीनला काही उमजेना. "सर, बंद कशाला करता? मी बनवलेल्या सगळ्या साइटमध्ये तुमची सगळ्यात जास्त बघून राहिलेत लोक. हे पाहा..." तिने मोबाइल पुढे केला.

"मी घरी रोज मोठ्या पडद्यावर पाहतो," सर म्हणाले आणि मोबाइल हाताने बाजूला सारला. अमावास्येपर्यंत विचार करा, असे ती म्हणाली. सरांनी अमावास्येचा संबंध विचारला. खाजामियाँनी चहा मागवला. "मैं तो पैलेच बोला था," ते म्हणाले, "गुलाब होना था."

परतीच्या एसटीत सरांना खिडकीची जागा मिळाली. शेजारी एक वयस्क बाई बसल्या. मांडीवर स्टीलचा डबा, त्याला फडके. आपले नाव सिद्धम्मा, आपण धर्माबादहून सकाळीच निघालो, नातवाला लाडू घेऊन लातूरला चाललो, हे त्यांनी तिकीट निघायच्या आत सांगून टाकले. लोहा गेले. माळाकोळी गेली. जेवणाची वेळ झाली तशी सिद्धम्मांनी कनवटीची पिशवी सोडली, मोबाइल काढला आणि तो दोन्ही हातांत उभा धरला.

"बसला बगा जेवाया," त्या म्हणाल्या.

सरांनी सौजन्य म्हणून पाहिले. वर पन्हाळी पत्रा होता. दोन अँगल. मधोमध एक पंखा, आणि तो फिरताना थरथरत होता. ती थरथर सरांच्या ओळखीची होती. तिची कंपनसंख्या त्यांनी एकदा मोजली होती. पण चित्र तिथे संपत नव्हते. पंख्याखाली हॉल होता. टेबले होती, बाक होते. एका बाकावर बसवराज होता. त्याने वर पाहून हात जोडले, ताट उचलले आणि तिरके केले.

"दिसलं रं राजा, दिसलं," सिद्धम्मा मोबाइलला म्हणाल्या. "वांगं हाय आज. खा पोटभर."

मग चित्रात गोदावरीबाई आल्या. त्यांनी भाकरी वाढली, रिकाम्या टेबलांमधून चालत समोरच्या बाकावर बसल्या आणि हनुवटी तळहातावर टेकून त्या एकुलत्या एका मुलाचे जेवण पाहत राहिल्या. लग्नाला इतकी वर्षे झाली होती, पण आपण घरी नसताना गोदावरी कशी बसते, हे सरांनी प्रथमच पाहिले.

"मोबाइलवर हे... एवढे सगळे दिसते?" सरांनी विचारले.

"मग! आमची आख्खी गल्ली बघती. सोताचं पोरगं तिथं नसलं तरी सवय सुटंना. पयले लई पोरं होती. शेजारच्यांचा पोरगा ह्याच्यातच घावला, भाजी टाकून देऊन राहिला होता. बापानं रात्री फोनवर असा झोडला! अन् हदगावची एक पोरगी, ती रोज एका पोराच्या समोरच बसायची. आईनं बराबर हेरलं."

"आणि त्या मुलांना ठाऊक होते? की घरचे पाहत आहेत?"

"ते कोण सांगतंय?" सिद्धम्मांना प्रश्नच भाबडा वाटला. "सांगितलं तर पोरं ढोंग करतेत. आईबापांनी येवढंच म्हणायचं, आमाला सगळं कळतंय बरं का. कसं कळतंय ते म्हणायचं न्हाई. मलाच मेलीला राहवलं न्हाई. मी आमच्या बसवराजला सांगून टाकलं, की राजा, आज्जी वरून बघती, पण दुसऱ्या पोरांना बोलू नको."

सिद्धम्मांनी सरांकडे नीट पाहिले. मग मोबाइलकडे पाहिले. मग पुन्हा सरांकडे.

"अय्यो! तुमीच न्हवं का ते सर? पोरं उठून गेली की बरणीत हात घालून लोणचं खाता ते?"

"ते... मी झाकण तपासतो," सर म्हणाले.

"आमच्या गल्लीत समदे वळखतेत तुमाला. लोणचेवाले सर."

अहमदपूरपासून लातूरपर्यंत रेणुकादास सर खिडकीतून सोयाबीनकडे पाहत होते.

घरी आल्यावर त्यांनी गोदावरीबाईंचा फोन मागितला. दोघे हॉलच्या दारात उभे राहिले. फोनवर रिकामा हॉल होता आणि त्याच्या दारात, फोनवर वाकलेली, दोन लहान माणसे होती. गोदावरीबाईंनी एक हात वर केला. फोनमधल्या बाईनेही जरा थांबून केला. सरांनी घडले ते क्रमाने सांगितले, बसवराजच्या ताटापर्यंत सगळे. बरणी मात्र त्यांनी वगळली.

गोदावरीबाई म्हणाल्या, "म्हणजे पोरांना वाटलं, त्यांच्या घरी मी चहाड्या करते."

"होय."

"मनस्विनीलाही तेच वाटलं."

"होय."

"आणि तुम्ही माझ्या भाकरीला पट्टी लावत होता."

खाजामियाँनी ठोकलेला कॅमेरा सरांनी स्वतः शिडीवर चढून वर वळवला, इतका की पत्र्याखेरीज त्यात काही येऊ नये. संध्याकाळच्या जेवणाच्या वेळेला धर्माबादच्या त्या गल्लीतून फोन खणाणू लागले. "सर, पोरगं दिसंना! नुसता पंखा दिसून राहिला!" सर प्रत्येकाला एकच उत्तर देत होते: "वेबसाइट छताची आहे. छत जागेवर आहे."

शेषेराव बातमी लागताच आले. सगळे ऐकून त्यांनी मान डोलावली. "मी म्हणलो होतो."

"तुम्ही नजर म्हणाला होता. हे अगदी वेगळे आहे."

"बघण्यानंच झालं न्हवं पण?"

पाहण्याने पाहिल्या जाणाऱ्या वस्तूवर परिणाम होत नाही, हे वाक्य सरांनी याच गृहस्थाला ऐकवले होते. मिरच्या सोडवण्याचे काम त्यांनी दुसऱ्या दिवसावर ढकलले.

भोजनालयाच्या दाराशी फळा होता. त्यावर रोजची भाजी लिहीत. "तो पुसा," गोदावरीबाई म्हणाल्या, "आणि जे झालं ते लिहा. तुमच्या अक्षरात. पोरं तुमच्या अक्षरावर विश्वास ठेवतात." बसवराजने सकाळच्या क्लासमध्ये चार जणांना सांगितले, की सरांनी फळ्यावर भाजीच्या जागी भलतेच काही लिहिले आहे. दुपारी दाराशी सायकली थांबू लागल्या. मुले वाचत, एकमेकांकडे पाहत आणि आत न येता उभी राहत.

मनस्विनीने ते दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना तिचे कान लाल झाले. मग ती पायरी चढून आत आली आणि सर्वांत आधी मान वर करून पाहिले. कॅमेरा पत्र्याकडे तोंड करून होता. ती हात धुण्याच्या जागेपाशी गेली, सरांच्या खुर्चीला वळसा घातला आणि आपल्या जुन्या बाकावर बसली.

"काकू," ती म्हणाली, "फळ्यावर भाजीच न्हाई लिहिली. काय हाय आज?"

गोदावरीबाई भाकरी घेऊन आल्या. तिच्यामागून बाकीच्या सायकलींना कुलुपे लागल्याचे आवाज आले.

फळ्यावर भाजी नव्हती हे खरे. लोणच्याचा तपशीलही, निष्कर्षाशी संबंध नसल्याने, गाळला होता. बाकी मजकूर असा होता:

"छत दिसावे म्हणून कॅमेरा लावला. माझ्या कॉम्प्युटरवर फक्त छत दिसे. मोबाइलवर छताखाली जेवणारे तुम्हीही दिसत होता आणि तुमचे आईवडील ते रोज पाहत होते. हे मला कळले नाही, कारण मोबाइलसाठी केलेली वेबसाइट मी एकदाही मोबाइलवर पाहिली नाही. काकूंनी कोणाच्याही घरी काहीही सांगितलेले नाही."